जाताना पाय धुऊन जा

घरात येताना पाय धुवायचे, हे मला माझ्या आईने चिमटे काढून शिकवलं होतं. पण घरातून बाहेर जाताना पाय धुवायचे, हे तुम्ही कधी कुठे ऐकलंय? नाही ना? मीही ऐकलं नव्हतं. ते मला आमच्या घरमालकांनी शिकवलं. शिकवलं कसलं, डोक्यावर बसून करवून घेतलं.

मेडशीपासून आत एक खेडं होतं, तिथली ही गोष्ट. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आमचा सगळा कारभार अकोल्याहून चालायचा. दुष्काळ नुकता सरला होता आणि माझी नर्स म्हणून पहिलीच नेमणूक होती. गावात पोचले तर राहायला खोली मिळेना. पहिल्या घरी मला खोली दाखवली, चहा दिला, बाप काय करतो विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग एकदम त्यांना आठवलं की त्या खोलीत सरकी भरायची आहे. दुसऱ्या घरीही आडनावापाशी पोचल्यावर सरकीच भरायची निघाली. गावात एवढी सरकी कुठून आली, देव जाणे. आमच्या घरात छप्पन्न सालापासून बुद्धाची तसबीर होती आणि ती माझ्या ट्रंकेत सगळ्यात वर होती. ती लपवून खोली घेणाऱ्यातली मी नव्हते. माझं डोकं तापलं. ट्रंक रस्त्यावर आपटली आणि तिच्यावर बसून राहिले.

तेवढ्यात गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला, पाठीमागे कंबरेला खुरपं अडकवलेला एक उंच, वाळका म्हातारा आला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या गावची माती कशी हाये?"

"काळी," मी फणकारले.

"भेगा पडते?"

"पडतात की. पाय जाईल एवढ्या."

"मंग जमते. चाला, खोली हाये आपल्याजवळ."

मी म्हटलं, आधी आडनाव ऐकून घ्या, नाहीतर मागाहून सरकी भरायची निघेल. तर म्हणाले, "आडनावानं काय पीक येते बाई? भाड्याचं मायले, घरवालीले, विचारा. माह्यासंगं फक्त पायाचं ठरवा."

हे पायाचं काय, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

त्यांना सगळं गाव आबाजी म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांचं घर गावाच्या टोकाला, स्वतःच्या वावरातच होतं. घरातून रस्त्याला लागायचं तर त्यांच्या धुऱ्यावरूनच जावं लागे. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. त्या धुऱ्याच्या शेवटी, कवाडापाशी, एक पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलेलं असे. मी पहिल्या दिवशी पिशवी घेऊन निघाले, घमेल्याला वळसा घातला आणि रस्त्यावर पाय ठेवला, तशी मागून आरोळी आली, "ओ नर्सबाई! कोठी घेऊन चालल्या?"

कोठी म्हणजे कुठे. मला वाटलं, चोरीचा आळ आला. मी पिशवी उघडून दाखवली. थर्मामीटर, कापूस, गोळ्या.

"पिशवी नाई जी, पाय दाखवा!"

पाय दाखवले. दोन्ही चपलांना काळ्या मातीचे हे जाडजूड थर. वऱ्हाडातली माती ओली असली की माणसाला सोडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आबाजी म्हणाले, "ही माही माती हाये. घमेल्यात पाय धुवा अन् मंग कोठीबी जा." मग ते गढूळ पाणी त्यांनी उचललं आणि इतकं जपून शेतात ओतलं की जशी काही मी त्यांना अमृत धुऊन दिलं होतं.

"अहो, चपलेला चिकटलेल्या मातीनं काय होणार आहे?" मी विचारलं.

"तुमी रोज जासान. मायच्या मैतरनी येतीन. गाई येतीन, कुत्रे येतीन. सगळे थोडी थोडी नेतीन. मंग मी काय तुमच्या चपलेवर धान पेरू?"

मी मुकाट्याने पाय धुऊ लागले. गावातली माणसं तर आबाजींकडे यायचं असलं की चपला हातात घेऊन यायची, आणि जाताना एक पाय उचलून ओरडायची, "पाहा आबाजी, काही नाई नेलं!" एक काळं कुत्रं होतं. ते रोज इमानेइतबारे घमेल्यातून चालत जायचं. ते शहाणं होतं की फक्त तहानलेलं होतं, ते मला कधी कळलं नाही.

धानाचं म्हणाले ना, तेही सांगते. त्या गावात सगळे ज्वारी, कपाशी, तूर पेरायचे. धान, म्हणजे भात, पिकवणारं पूर्वी फक्त हे एकच घर. याला कारण माय. माय म्हणजे आबाजींची बायको. ती झाडीकडची, भंडाऱ्याच्या पलीकडली. लग्न होऊन आली तेव्हा ज्वारीची भाकर पाहून रडायला लागली. आबाजींनी काही दिवस पाहिलं आणि नाल्याकाठच्या खोलगट तुकड्यात तिच्या सल्ल्याने धुरे घालून, एकाखाली एक अशा पायऱ्या, म्हणजे बांध्या, केल्या आणि धान लावलं. वर्षभर रोज ताटात भात येईल एवढाच तुकडा. लोक म्हणायचे, बायकोच्या रडण्यापायी यानं डोंगर कोरला. आबाजी म्हणायचे, "कोरला नाई, थांबवला."

पाण्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं बोलणं असे. "पानी म्हंजे पाहुना. धावत आला तं समजा का काहीतरी घेऊन पयनार हाये. त्याले बसवा, चा पाजा, इचारपूस करा. बसला का मंग तो तुमच्या घरचाच." म्हणून त्यांच्या धुऱ्यांवर वाळ्याचं गवत, गवताच्या मध्ये तूर, आणि पाणी उतरायच्या जागी दगड बसवलेले. पाऊस सुरू झाला की सगळं गाव घरात पळायचं आणि आबाजी बाहेर पळायचे. मी खिडकीतून पाहायचे. डोक्यावर बारदान घेऊन ते या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर नाचत असत आणि पावसाला ओरडत असत, "हळू बावा, हळू! कोठी वरातीत जायाचं हाय काय तुले?"

एकदा तालुक्याहून बांधबंदिस्तीचे साहेब जीपमधून आले. चकचकीत बूट, पायघोळ पँट, सोबत दुर्बीण लावलेलं यंत्र घेतलेला शिपाई. साहेबांनी शेत पाहिलं, मान हलवली, "व्वा, छान काम आहे" म्हणाले आणि जीपकडे निघाले. आबाजींनी घमेलं पुढे सरकवलं. साहेबांना वाटलं, हा आपल्याकडचा मानपानाचा रिवाज आहे. त्यांनी हसत हसत हात धुतले.

"हात नाई जी, बूट."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण आबाजी रस्त्यात आडवेच उभे. शेवटी साहेबांनी बुटासकट एक पाय घमेल्यात घातला, मग दुसरा. फच्चक फच्चक आवाज करत जीपमध्ये बसले. वाटलं सुटले. तर आबाजींनी पाठीमागचं खुरपं काढलं आणि जीपचं चाक खरवडायला घेतलं! चारही चाकं खरवडून होईपर्यंत त्यांनी जीप हलू दिली नाही. "साहेब, तुमचंच काम करून राह्यलो," असं वर तोंड करून सांगितलं. साहेब पुन्हा आले नाहीत. माय मात्र पुढे कित्येक दिवस ते फच्चक फच्चक काढून दाखवायची आणि पदर तोंडात कोंबून हसायची.

आता इवायांकडे येते, कारण खरी भानगड तिथेच होती.

आबाजींना एकच मुलगी, सुमन. ती गावातच दिली होती. आबाजींच्या धानाच्या खाली, नाल्याच्या उताराला, एक शेत होतं आणि त्या शेताच्या पलीकडे शेतमालकाचं घर. तेच सुमनचे सासरे. व्याह्याला आम्ही वऱ्हाडात इवाई म्हणतो. हे इवाई गोल, गोरे, पोट सुटलेले, बोलायला गोड आणि रागवायला झटपट. सून आईसारखीच भाताशिवाय जेवेना, म्हणून त्यांनीही आबाजींच्या खालीच धानाचा तुकडा केला. आणि काय सांगू, त्यांचं धान आबाजींपेक्षा चांगलं यायला लागलं! येणारच. वरच्या शेतातून कितीही अडवली तरी थोडी माती उतरायचीच, आणि इवाई आयते खाली बसलेले.

आबाजींना रात्रंदिवस तेच दिसायचं. जेवताना घास हातात धरून खालच्या शेताकडे बघत बसायचे. "पाह्य, पाह्य, माही माती कशी हिरवी होऊन राह्यली तठी!"

मी म्हटलं, "आबाजी, तुम्ही मुलगी दिली त्या घरात, मातीचं काय घेऊन बसलात?"

तर म्हणाले, "पोरगी वाजतगाजत देल्ली. माती देल्ली नाई. ते न सांगता गेली."

मी कपाळाला हात लावला.

तर दरवर्षी उन्हाळ्यात, शेतं रिकामी झाली की, आबाजी डोक्यावर टोपलं घेऊन इवायांच्या शेतात उतरायचे आणि धुऱ्यालगतची माती भरून वर आणायचे. उघड, दिवसाढवळ्या, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत. पहिली काही वर्षं इवायांनी हसण्यावारी नेलं. "इवायाच्या डोक्यात थोडी माती हाये, थोडी भरू द्या," असं म्हणायचे. पण मी त्या गावात आले त्याच्या पुढच्या वैशाखात त्यांचंही डोकं सरकलं. कोणीतरी त्यांना चिडवलं म्हणे, की तुमचा इवाई तुमच्याच शेतात मजुरी करतो की चोरी? झालं. इवाई टोपलं धरायला धावले. एक टोक आबाजींनी धरलेलं, एक इवायांनी. दोघे म्हातारे टोपल्याभोवती फेर धरून फिरताहेत आणि माती दोघांच्याही डोक्यावर पडतेय!

प्रकरण पोलीस पाटलाकडे गेलं. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं. मीही गेले, घरात कोण बसतंय? पोलीस पाटील म्हणाले, "आबाजी, माती तुमची कशावरून? तिच्यावर काय तुमचं नाव हाय?"

"वळखतो न मी. माया हाताखालची हाये."

"मंग वळखा." पाटलांनी तीन सुपांत तीन मात्या आणवल्या. एक आबाजींच्या वावरातली, एक इवायांच्या, आणि एक तिसरीच कुठली. आबाजींनी तिन्ही हुंगल्या. मग चिमूट चिमूट तोंडात टाकली. डोळे मिटून चघळत बसले. गाव श्वास रोखून बघतंय. शेवटी त्यांनी तिसऱ्या सुपावर हात ठेवला. "हे माही!"

पाटील खो खो हसायला लागले. "आबाजी, हे माया आंगनातली हाये!"

माणूस दुसरा असता तर खाली मान घालून घरी गेला असता. आबाजींनी पाटलांकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, "म्हंजे तुमीबी नेली?"

पारावर हशा फुटला, पण इवाई हसले नाहीत. ते तांबडेलाल झाले होते. उभे राहून म्हणाले, "ऐका लोकहो. जेवढी माती यानं वर नेली, तेवढी यानं आपल्या हातानं माया वावरात आनून टाकावी. नाई तं माही सून याच्या उंबऱ्यावर पाय ठेवनार नाई. बाळंतपन माया घरी होईन."

पारावरचा हशा तिथेच थांबला. सुमनला दिवस गेले होते. पहिलंच. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. मायने तिच्यासाठी बाज विणून घेतली होती, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती, डिंक आणून ठेवला होता. सुमनच्या आधी मायची दोन लेकरं गेली होती, त्यामुळे या पोरीच्या बाबतीत तिचा जीव मुठीत असायचा. ती पारावरून उठली आणि घरी गेली.

त्या दिवशी जेवायला बसलो. मायने माझ्या ताटात भात-वरण वाढलं. आबाजींच्या ताटात मातीचं एक ढेकूळ ठेवलं.

"हे काय?" आबाजी म्हणाले.

"तुमची माती. खा. मीठ लागत असनं तं सांगा."

मला हसूही येत होतं आणि मायकडे पाहून रडूही. आबाजींनी ते ढेकूळ उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि, खोटं नाही सांगत, म्हणाले, "हे खालच्या बांधीतलं दिसते." मायने वरणाची पळी त्यांच्या पायाशी फेकली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेना. काही सांगायचं असलं की माझ्यामार्फत. "नर्सबाई, सांगा त्याईले, आंघोळीचं पानी ठेवलं." आबाजी तिथेच, समोर बसलेले! मी दोघांवरही उखडले. म्हटलं, मी सरकारची नर्स आहे, तुमची तारवाली नाही.

आबाजींना मी वेगळं गाठलं. "टाका ना माती परत. तुमची पोरगी मोठी की माती मोठी?"

ते बराच वेळ धुऱ्यावर बसून गवत उपटत राहिले. धुऱ्यावरचं गवत आबाजी कधी उपटत नसत. मग म्हणाले, "पोरगीच मोठी हाये बाई. पन घरी आलेलीले कसं हाकलू? माह्यानं होत नाई."

मी इवायांकडेही गेले. सुमनला तपासायला मला जावंच लागे. सुमन गपगप असायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, "बाई, मले मायजवळच जायाचं हाये. या दोघायच्या मातीत माही माती होऊन राह्यली." इवाई बाहेरून ऐकत होते. खाकरले आणि वावराकडे चालू लागले. शब्द दिला होता ना चारचौघांत! आता मागे कसा घेणार? म्हाताऱ्या पुरुषांचं असंच असतं. जीभ एकदा पुढे गेली की तिला रिव्हर्स गिअर नसतो.

आणि श्रावणात झड लागली. झड म्हणजे सुरू झाला की थांबायचं नावच न घेणारा पाऊस. दोन्ही शेतांच्या मधला मोठा धुरा पाण्याने फुगला. सकाळी सकाळी आबाजींची हाक आली, मी पाहिलं तर धुऱ्याला खेकड्यांनी पोखरलेल्या जागी भगदाड पडलं होतं आणि वरच्या धानाचं पाणी, माती, रोपं घेऊन, खाली निघालं होतं. आबाजींनी फावड्याने माती टाकली, वाहून गेली. बारदान कोंबलं, वाहून गेलं. मग त्यांनी काय करावं? स्वतःच त्या भगदाडात जाऊन बसले! पाठ पाण्याकडे, तोंड इवायांच्या शेताकडे, मांडी घालून. पाणी थांबलं.

"उठा, मराल!" मी ओरडले.

"उठलो तं सगळं जाईन. तुमी चा पाठवा."

चहा करायला वळले, तर खालच्या बाजूने सुमनचा नवरा चिखलातून पडत-धडपडत येताना दिसला. कळा सुरू झाल्या होत्या. मी पिशवी उचलली आणि धावले. खाली जाऊन पाहते तर इवायांचं घर सगळीकडून गळतंय. जिथे खाट तिथे धार. एक कोपरा कोरडा नाही. इवाई हातात भांडं घेऊन नुसते इकडून तिकडे फिरताहेत.

मी म्हटलं, "इथे बाळंतपण होणार नाही. कोरडी खोली गावाच्या या टोकाला एकच आहे, माझी. हिला तिकडे न्यायचं."

"पन मी शब्द..." इवाई म्हणाले.

"तुमचा शब्द गळतोय!" मी ओरडले. एवढ्या मोठ्या माणसावर मी आयुष्यात तशी ओरडले नव्हते. "बाळाला सर्दी होऊन काही झालं तर त्या शब्दाचं काय लोणचं घालणार?"

इवायांनी भांडं खाली ठेवलं. बांबू आणला. घोंगड्याची झोळी केली. पुढे मुलगा, मागे इवाई, झोळीत सुमन, आणि सगळ्यात मागे मी छत्री धरून, अशी आमची वरात धुऱ्यावरून निघाली. धुरा एका माणसापुरता. दोन्हीकडे पाणी. आणि मधोमध भगदाडात आमचे आबाजी, छातीपर्यंत चिखलात, तोंडावर पाऊस.

मुलगा तरणाताठा, त्याने टांग टाकली आणि सासऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला. आता इवाई. खांद्यावर बांबू, पुढे पोट, पायाखाली घसरण. टांग पुरेना. उभेच राहिले. झोळीत सुमन कण्हली.

"इवाई, माया खांद्यावर पाय द्या," आबाजी म्हणाले.

"काही तरीच काय! इवायाच्या अंगावर पाय देऊ?"

"द्या म्हन्तो न! पोरगी कण्हून राह्यली!"

इवायांनी डोळे मिटले आणि पाय आबाजींच्या खांद्यावर ठेवला. सगळं वजन पडलं तसे आबाजी "हुक्क" करून आणखी खचले. आणि त्या अवस्थेत, मी छत्रीची शपथ घेऊन सांगते, इवायांचा पाय उचलला जायच्या आत आबाजींनी तो घोट्याशी धरला आणि त्याची माती निपटून आपल्या मांडीखाली थापली. "जा आता!"

पोरगी सुखरूप बाळंत झाली. माझ्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, मायच्या मांडीवर डोकं ठेवून. मुलगी झाली. पहिलं रडणं कानावर पडलं आणि माय, जी इतके दिवस नवऱ्याशी बोलत नव्हती, ती दारात येऊन पावसात ओरडली, "अहो! नात झाली!"

भगदाडातून उत्तर आलं, "आंघोळीचं पानी फेकू नोका! वावरात टाका!"

माय हसली, रडली, आणि परत आत गेली. आम्ही बाळाच्या आणि बाळंतिणीच्या गडबडीत, आणि आबाजी तसेच तिथे. मीच विसरले, सगळेच विसरलो. आठवण झाली ती इवायांना. ओसरीवर चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला. "आपला इवाई कोठी हाये?" आणि टोपलं घेऊन धावले.

मी दारातून पाहिलं. आबाजी थंडीने निळे पडले होते. वरून माती आणावी तर वरचं सगळं पाण्याखाली. इवाई आपल्या शेतात उतरले, आपल्याच धानाची रोपं बाजूला सारून माती खणली, टोपलं भरलं आणि वर आणून आबाजींच्या दोन्ही बाजूंनी थापली. परत उतरले, परत भरून आणलं. दम लागत होता, पोट हलत होतं, पण थांबले नाहीत. दगड लावले, वर गवताचे गड्डे दाबले, आणि मग आबाजींना बगलेत हात घालून मुळ्यासारखं उपटून काढलं.

आबाजींचे दात वाजत होते. तशातही भगदाडाकडे बघून म्हणाले, "ही तुमच्या वावरातली माती हाये, इवाई. मी उन्हाळ्यात वापस आनून टाकतो."

"खबरदार आनून टाकली तं," इवाई म्हणाले. "नातीच्या आजोबाले देल्ली हाये."

त्यानंतर त्यांचं भांडण मिटलं असं वाटत असेल तर तुम्ही त्या दोघांना ओळखलंच नाही. पुढच्या वैशाखात आबाजी टोपलं भरून खाली टाकायला गेले आणि इवायांनी तेच टोपलं भरून परत वर आणलं. दरवर्षी तेच चालू. फक्त आता मध्ये बसून चहा प्यायचे, आणि नात दोघांच्या टोपल्यात आळीपाळीने बसायची.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. सव्वा महिना झाला, सुमन बाळाला घेऊन सासरी निघाली. मायने ओटी भरली. धुऱ्यावर अजून चिखल होता. कवाडापाशी सुमन थांबली, लहानपणापासूनची सवय, लुगडं जरा वर धरलं आणि घमेल्यात पाय घालायला गेली. तर घमेलं पालथं. आबाजी बाजूला उभे होते, हात मागे बांधून.

"बा, पानी?"

"राहू दे. जाय तशीच."

"अन् माती?"

"लेकीच्या पायानं गेली त्याले वाहून गेली नाई म्हनत," आबाजी म्हणाले आणि खुरपं काढून उगाचच कुठेतरी खुरपत बसले. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी घमेलं सरळ केलं, पाणी भरलं आणि माझ्याकडे वळून डाफरले, "तुमी काय पाहून राह्यल्या? धुवा पाय!"

मी धुतले. पुढेही रोज धुतले, उन्हाळा, हिवाळा, पावसाळा. आणि मग एका पावसाळ्यात माझी बदली आली, रिसोडकडे रिठदला. जायच्या दिवशी मायने भाकरी आणि भात दोन्ही बांधून दिलं. सुमन पोरीला कडेवर घेऊन आली होती. इवायांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली, नको म्हटलं तरी. आबाजी मात्र कुठे दिसेनात. मला राग आला. इतकी वर्षं या माणसाच्या घमेल्यात पाय बुडवले आणि हा शेवटच्या दिवशी गायब! मी चिडचिड करत धुऱ्यावरून निघाले. चपलांना काळ्या मातीचे थर चढत होते, चालवत नव्हतं.

कवाडापाशी पोचले. सवयीने साडी वर धरली, पाय उचलला.

घमेलं पालथं होतं. आबाजी त्याच्यावर बसले होते.

"जा बाई," ते म्हणाले. यावेळी त्यांनी पायांकडे पाहिलं नाही. तोंडाकडे पाहिलं.

मी उचललेला पाय खाली ठेवला. तशीच मेडशीपर्यंत गेले आणि तशीच एस.टी.त चढले. कंडक्टर माझ्या पायांकडे पाहून ओरडला, "ओ बाई! सगळी गाडी भरवली! कुठला हा एवढा चिखल?"

म्हटलं, "माहेरचा."